पाठीवरचे पाणी

चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर चैत्रोत्सव भरतो आणि खानदेशातील भाविक ऐन उन्हाळ्यात पायी गडाची वाट धरतात. पावसाळ्याच्या तोंडावर संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरकडे निघते. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते. याखेरीज रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारे आणि रविवारी अंजनेरीचा डोंगर जवळ करणारे कितीतरी जण आपल्या नाशिक परिसरात आहेत. या सर्व वाटांवर साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे मोठ्या संख्येने दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. चालण्याने स्नायूंना बळ येते, साखर व रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते. आपण चालत राहावे, असाच माझा आग्रह आहे.

मात्र या वाटांवर एक गोष्ट हमखास मागे पडते, ती म्हणजे पाणी. बाटली सोबत असते, पण सॅकच्या तळाशी. ती काढण्यासाठी थांबावे लागते, सॅक उतरवावी लागते, बरोबरच्यांना खोळंबून ठेवावे लागते. मग ‘मला कुठे तहान लागली आहे?’ असे म्हणून आपण पुढे चालू लागतो. तरुण गिर्यारोहकांच्या पाठीवरील सॅकमधून खांद्यावर आलेली एक नळी आपण पाहिली असेल. चालता चालता ते तिच्यातून पाणी पितात. ही सोय तरुणांपेक्षाही वयस्कांच्या अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत आहे. पण ती पारखून निवडली आणि नीट वापरली तरच.

तहान उशिरा का लागते?

‘तहान लागली की पाणी प्यावे’ हा नियम तरुणपणी पुरेसा असतो. उतारवयात तो अपुरा पडतो. शरीरातील पाणी कमी झाले की मेंदूतील तहानेचे केंद्र जागे होते. वयानुसार ही जाग मंदावते. 1984 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. 67 ते 75 वयाचे निरोगी पुरुष आणि 20 ते 31 वयाचे तरुण यांना 24 तास पाण्यावाचून ठेवण्यात आले. वयस्कांच्या रक्तातील क्षार तरुणांपेक्षा अधिक वाढले होते. तरीही त्यांना तहान कमी जाणवली, आणि पाणी समोर ठेवल्यावर त्यांनी ते कमीच प्यायले. म्हणजे गरज अधिक असताना मागणी कमी होती.

याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात. तरुण पुरुषाच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भाग पाण्याचा असतो. वार्धक्यात तो 50 टक्क्यांच्या आसपास येतो. साठाच कमी, म्हणून थोडी घटही लवकर जाणवते. शिवाय मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमता घटते. थंडीत व पावसात तहान आणखी दबते. निफाडकडे पारा उतरलेला असताना किंवा त्र्यंबकच्या धुक्यात चालताना पाण्याची आठवणही होत नाही. पण चढावर घाम येतच असतो, तो ओल्या कपड्यांत दिसत नाही एवढेच.

म्हणून वयस्क व्यक्तीने वाटेवर तहानेची वाट न पाहता ठरावीक अंतराने घोटभर पाणी घेतले पाहिजे. खांद्यावरची नळी हे काम सोपे करते. ती डोळ्यांसमोर असते, त्यामुळे आठवण देते. आणि हात पुढे केला की पाणी मिळते.

हे साधन काय आहे?

इंग्रजीत याला ‘हायड्रेशन ब्लॅडर’ म्हणतात. ब्लॅडर म्हटले की दवाखान्यात मूत्राशयच आठवते, म्हणून आपण याला पाण्याची पिशवी म्हणू. मऊ, जाड प्लास्टिकची ही चपटी पिशवी सॅकमध्ये पाठीलगत उभी राहते. तिच्या तळाशी जोडलेली नळी खांद्यावरून पुढे येते. नळीच्या टोकाला रबरी तोटी असते. ती दातांनी किंवा ओठांनी हलकेच दाबून ओढले की पाणी येते, सोडले की बंद होते.

कल्पना आपल्याला परकी नाही. पखाल आणि छागळ आपल्या जुन्या पिढ्यांनी वापरली आहे. आजच्या पिशवीचे मूळ मात्र आमच्या वैद्यकातलेच आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात कडक उन्हाळ्यातील सायकल शर्यतीत मायकेल आयडसन या आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील माणसाने सलाईनची पिशवी पाण्याने भरून मोज्यात घातली, पाठीवर अडकवली आणि तिची नळी खांद्यावरून पुढे घेतली. त्यातूनच ‘कॅमलबॅक’ ही पिशवी बाजारात आली. आज अनेक भारतीय व परदेशी कंपन्यांच्या पिशव्या गिर्यारोहणाच्या दुकानांत मिळतात.

कोणी वापरू नये?

निवडीपूर्वी हा प्रश्न विचारावा. ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, कंपवात आहे किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागतो, त्यांनी चालता चालता नळीने पाणी पिऊ नये. नळीतून पाणी वेगाने घशात उतरते आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशांनी थांबून, बसून, मान किंचित पुढे ठेवून पेल्याने छोटे घोट घ्यावेत.

कवळी असणाऱ्यांनी तोटी दुकानातच दाबून पाहावी. काही तोट्या कडक असतात. कवळी निसटते किंवा हिरडी दुखते. अशा वेळी ओठांच्या दाबाने उघडणारी मऊ तोटी शोधावी. बोटांना संधिवात असेल तर पिशवीचे तोंड आपल्याला स्वतःला उघडता व बंद करता येते का, हेही तपासावे. जमत नसेल तर कमरेच्या पट्ट्यात पुढे राहतील अशा अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या हा उत्तम पर्याय आहे. हेतू पाणी हाताशी असण्याचा आहे, नळी असण्याचा नव्हे.

निवड कशी करावी?

आकारमान : बाजारात साधारणतः 1 ते 3 लिटरच्या पिशव्या मिळतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तीन लिटरची पिशवी भरली की तीन किलो पाठीवर चढतात आणि तितका भार गुडघ्यांवर येतो. दोन-तीन तासांच्या चालीसाठी दीड लिटरची पिशवी पुरते; लांबच्या वाटेसाठी दोन लिटरची घ्यावी. सॅकसह एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावे. उरलेले पाणी बरोबरच्या तरुणाने वाहावे. त्यात कमीपणा नाही.

तोंड : काही पिशव्यांना गोल फिरकीचे झाकण असते, काहींचा वरचा संपूर्ण काठ उघडतो व सरकपट्टीने बंद होतो. पूर्ण उघडणारी पिशवी धुण्यास व वाळवण्यास सोपी. फिरकीचे झाकण भरण्यास सोपे. पण ते हात आत जाईल एवढे रुंद असावे.

नळी : ती पिशवीपासून कळ दाबून सुटी होणारी असावी. म्हणजे पाणी भरताना नळी सॅकमधून ओढून काढावी लागत नाही. तोटीला बंद-चालू करण्याचा खटका असावा. नाहीतर सॅक खाली ठेवताच तोटी दबून पाणी सांडते. तोटीवर टोपण असल्यास धूळ लागत नाही. नळी खांद्याच्या पट्ट्याला अडकवण्याची चाप हवी. लोंबती नळी काठीत किंवा झुडपात अडकते.

खुणा : पिशवीवर पाव-पाव लिटरच्या ठळक खुणा असाव्यात. वयस्कांच्या बाबतीत ही गोष्ट रंग व दिखाऊपणापेक्षा महत्त्वाची आहे. कारण ते पुढे येईल.

साहित्य : पिण्याच्या पाण्यासाठी योग्य आणि ‘बीपीए’ या रसायनापासून मुक्त असल्याचा उल्लेख वेष्टनावर पाहावा. दुर्गंधी येणारी स्वस्त पिशवी टाळावी.

घरची तालीम

नवी पिशवी घेऊन थेट प्रदक्षिणेला जाऊ नये. प्रथम कोमट पाणी व भांडी घासण्याच्या सौम्य साबणाने पिशवी आणि नळी धुवावी. प्लास्टिकचा वास असेल तर लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून रात्रभर ठेवावे व सकाळी खळखळून धुवावे. मग पाण्याने भरून, तोंड बंद करून, मोरीत उलटी टांगून गळती तपासावी.

भरल्यावर पिशवी उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घ्यावी. म्हणजे चालताना पाणी डुचमळत नाही. सॅकमध्ये प्रथम पिशवी ठेवावी, मग बाकीचे सामान. सॅक भरल्यावर फुगलेली पिशवी आत कोंबणे कठीण जाते आणि कपडे ओले होतात.

आता त्या खुणांविषयी. बाटली रिकामी होताना दिसते. पाठीवरची पिशवी दिसत नाही. किती प्यायलो याचा अंदाज चुकतो, कधी कमी, कधी जास्त. त्यासाठी घरीच एक प्रयोग करावा. पिशवी एक लिटरच्या खुणेपर्यंत भरावी, नेहमीसारखे दहा घोट घ्यावेत आणि किती पाणी कमी झाले ते मोजावे. दहा घोटांत 200 मिलिलिटर गेले, तर आपला घोट 20 मिलिलिटरचा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो. तो एकदा कळला की वाटेवर घोट मोजता येतात.

किती आणि केव्हा?

मध्यम हवेत मध्यम गतीने चालणाऱ्या वयस्क व्यक्तीने तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी घ्यावे, असा ढोबळ अंदाज धरावा. ऊन व चढ असेल तर थोडे अधिक. सपाट वाट व थंडी असेल तर कमी. एकदम गटागट पिण्याऐवजी दर 15 ते 20 मिनिटांनी काही घोट घ्यावेत. मोबाइलचा गजर लावावा, किंवा दर विसाव्याला बरोबरच्या नातवाने ‘आजोबा, पाणी’ अशी आठवण द्यावी. निघण्यापूर्वी तासभर आधी एक-दोन पेले पाणी प्यावे.

उन्हाळ्यात नळीतील पहिला घोट तापलेला असतो. तो टाकून द्यावा व पुढचा घ्यावा. शक्यतो दहाच्या आत चढण संपवावी. सप्तशृंगगडावर 2018 पासून रज्जुमार्गाची ट्रॉली आहे. ऊन चढले असेल तर पायऱ्यांचा हट्ट धरू नये.

जास्त पाणी पिणे हीसुद्धा चूकच. भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपणा दिसू लागतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. घरी वजनकाटा असेल तर चालण्यापूर्वी व नंतर, एकदा तरी वजन करून पाहावे. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाण्याची तूट. आणि वजन वाढलेले आढळले तर आपण गरजेपेक्षा अधिक प्यायलो.

हृदय अशक्त असणाऱ्यांना किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांना डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. त्यांनी वरील आकडे स्वतःला लावू नयेत. चालण्याच्या दिवशी किती पाणी चालेल हे आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि पिशवीत तेवढेच भरावे.

पिशवीत काय भरावे?

फक्त साधे, स्वच्छ पाणी. सरबत, ताक, ग्लुकोज किंवा ओआरएस पिशवीत भरू नये. साखरेच्या अंशावर नळीत जंतू व बुरशी वाढते. लांबच्या चालीत घाम फार गेला, तर ओआरएसचे द्रावण वेगळ्या बाटलीत न्यावे आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच करावे. ओआरएसमध्ये मीठ व साखर दोन्ही असतात, म्हणून रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी ते नेहमीचे पेय म्हणून घेऊ नये. जमेल त्यांनी मीठ घातलेले ताक, भाकरी, शेंगदाण्याची चटणी असा नेहमीचा आहार घेतला की क्षार बहुधा भरून निघतात.

वाटेतील कुंड, झरा किंवा ओढा कितीही निर्मळ दिसला तरी त्यातून पिशवी भरू नये. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे याच वाटेने घरी येतात. उकळून गार केलेले किंवा खात्रीचे पाणीच भरावे. आणि एक घरगुती गोष्ट : आपण बाटली ओठांना न लावता वरून पितो, म्हणून एक बाटली चौघांत चालते. तोटी मात्र उष्टीच होते. प्रत्येकाची पिशवी वेगळी असावी.

न बोलली जाणारी अडचण

वयस्क स्त्रिया वाटेवर पाणी पिण्याचे टाळतात, याचे खरे कारण तहान नसून लघवीची सोय नसणे हे असते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांचीही हीच चिंता. ती समजून घेतल्याशिवाय पिशवीचा काही उपयोग नाही. कारण नळी खांद्यावर असूनही ती तोंडाला लावली जाणार नाही. घरच्यांनी आधीच वाटेतील स्वच्छतागृहे कोठे आहेत ते पाहून ठेवावे, दर दीड-दोन तासांनी थांबण्याचे ठरवावे आणि सासूबाईंना तसे स्पष्ट सांगावे. घोटाघोटाने घेतलेले पाणी एकदम प्यायलेल्या पाण्यापेक्षा मूत्राशयावर कमी ताण देते, हाही या पिशवीचा एक लाभ.

गोळ्या आणि उपवास

सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ प्रदक्षिणेच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व लघवी वाढवणारे औषध यांची एकत्र गोळी ते नियमित घेत. वाटेत गुडघे दुखले म्हणून डायक्लोफेनॅकच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. श्रावणी सोमवारचा उपवास होता आणि दिवसभरात जेमतेम एक बाटली पाणी पोटात गेले होते. उभे राहताच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, लघवी नाममात्र होती आणि तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले निघाले. दोन दिवस रुग्णालयात सलाईन द्यावे लागले. सुदैवाने मूत्रपिंडे पूर्ववत झाली. प्रत्येकाच्या बाबतीत तसे घडेलच असे नाही.

रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या, लघवी वाढवणारे औषध आणि वेदनाशामक गोळी हे त्रिकूट पाण्याच्या तुटीत मूत्रपिंडांना फार महाग पडते. म्हणून लांब चालण्याच्या दिवशी मनाने वेदनाशामक घेऊ नये. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांच्या लघवीतून साखरेबरोबर पाणीही जाते. त्यांनी विशेष जपावे. कोणतीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये. आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून त्या दिवसाचे वेळापत्रक ठरवावे. निर्जळी उपवास आणि लांबची चाल एकाच दिवशी नको.

पिशवीची स्वच्छता

हे काम घरातील एका व्यक्तीने अंगावर घ्यावे, नाहीतर ते कोणीच करत नाही. परत आल्यावर त्याच दिवशी उरलेले पाणी ओतून टाकावे. पिशवी, नळी व तोटी वेगळी करून कोमट पाण्याने धुवावी. उकळते पाणी ओतू नये. प्लास्टिक व जोड खराब होतात. महिन्यातून एकदा खायच्या सोड्याचे पाणी भरून, ते नळीतही उतरवून अर्धा तास ठेवावे. नळीसाठी लांब दांड्याचा बारीक ब्रश मिळतो. तो जरूर घ्यावा. मग पिशवीचे तोंड उघडे राहील अशी आत स्वच्छ रवी किंवा झारा घालून सावलीत, वाऱ्यावर टांगावी. पावसाळ्यात ती नीट वाळत नाही. अशा वेळी निथळून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर बुरशी धरत नाही. नळीत काळे ठिपके दिसले आणि धुऊन गेले नाहीत, तर नळी बदलावी.

केव्हा थांबावे?

उभे राहताच चक्कर, कोरडी जीभ, पायांत गोळे, चिडचिड, पाच-सहा तास लघवी न होणे किंवा ती गडद पिवळी होणे, ही पाण्याच्या तुटीची लक्षणे आहेत. सावलीत बसावे, पाय वर घ्यावेत, घोट घोट पाणी घ्यावे आणि त्या दिवशी पुढे चढू नये. अंग तापलेले असून व्यक्ती असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात समजावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, तोवर अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. शुद्ध हरपत असलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नये.

2027 मध्ये नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळ्याची प्रमुख स्नाने होतील आणि पुष्कळ घरांतील आजी-आजोबा गर्दीतून मैलोन्‌मैल चालतील. त्याची तयारी आजपासून करता येईल. पिशवी आणल्यावर पहिला आठवडा ती पाठीवर घेऊन गंगेवर किंवा घराजवळच्या मैदानात अर्धा तास चालावे, घोट मोजावेत, परतल्यावर किती पाणी उरले ते पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. आठवड्याच्या शेवटी ती वही आपल्या डॉक्टरांना दाखवावी. तहान सांगत नाही, ते ही वही सांगेल.